बाळ सांभाळायला दोघींपैकी कोणती बाई ठेवू?

तुमचं बाळ नऊ महिन्यांचं. दोन बायका भेटून गेल्या. एकीनं हसतहसत आल्याआल्या त्याला उचललं, दुसरी वयस्कर, ती लांब बसून त्याच्याकडे बघत राहिली आणि फारसं बोलली नाही. मी दुसरीला ठेवेन. या वयात मूल परक्या माणसाला बिचकतंच. जी ते ओळखून त्याला स्वतःहून जवळ येऊ देते, तिला मुलं कळतात.

माझ्या आईनं उभं आयुष्य लोकांची मुलं सांभाळली, म्हणून लिहितेय. पारख तुम्हीच करता असं समजू नका, आईसुद्धा घर पारखायची. मूल पडलं-झडलं तर आधी फोन कुणाला करायचा, आणि आठवड्याची सुट्टी कधी, हे ती पहिल्याच भेटीत विचारायची. सुट्टीचं नाव काढलं की चेहरे उतरायचे. घरकामगारांसाठीच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय करारात आठवड्याला सलग २४ तासांची सुट्टी लिहिलेली आहे. ती उपकार म्हणून देऊ नका.

एका घरी मुलगी तान्ही असल्यापासून आई जायची. दोनेक वर्षांची असताना तिला ताप भरला आणि ती आईच्या खांद्यावरून उतरेना, घरच्या बाईंनी हात पुढं केले तरी. ताप उतरला तसा त्यांनी पगार आईच्या हातात ठेवला, ‘उद्यापासून येऊ नका, तिला तुमची फार सवय लागलीय.’ मुलगी आत झोपली होती. ती उठेपर्यंत आईला थांबूही दिलं नाही. आईची राहिलेली पिशवी आणायला मी गेले, तेव्हा त्या मला म्हणाल्या, ‘लहान आहे, आठ दिवसांत विसरेल.’ मी शाळकरी पोर, काय बोलणार!

आता बोलते. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्या नात्यावर जन्मभर काम केलेले मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी चार वर्षांचे होत आले असताना त्यांची लाडकी दाई घर सोडून गेली. ते दुःख आई गमावण्याइतकंच होतं, असं त्यांनी मोठेपणी सांगितलं. मूल दोघींना जीव लावतं, त्यानं आईच्या वाट्याचं काही कमी होत नाही. ज्या बाईकडे बाळ झेपावतं ती चांगली निवडली, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांना हे सोसणार नाही त्यांनी बाई ठेवूच नये.

चौकशी अर्थातच करा. आधीच्या घरी स्वतः फोन करा, पहिले काही दिवस तुमच्यापैकी कुणीतरी घरी थांबा. बाळाला उताणं झोपवते का ते बघा. घशात काही अडकलं तर काय करशील, हेही विचारा: वर्षाखालच्या बाळाला पालथं, डोकं खाली धरून पाठीवर पाच थापा, मग छातीवर पाच दाब, पोट दाबायचं नाही. येत नसेल तर दोघींनी मिळून शिका, तेवढ्यावरून नापास करू नका. मारते किंवा रागानं गदागदा हलवते असं दिसलं, तर मात्र त्याच क्षणी काढा.

एरवी कधी थांबवायची वेळ आली, तर आधी तिला सांगा, मग मुलाला सांगा, आणि पुढचे पंधरा दिवस तिला येऊ द्या. नंतरही अधूनमधून भेटवा. त्या बाईंना हे सगळं सहज जमलं असतं.