वाचकांचे प्रश्न : टरेट, चिलखत आणि टनांचा हिशेब

मागच्या अंकात ड्रेडनॉटवर लिहिलं होतं, १९०६ ची ती ब्रिटिश बॅटलशिप, म्हणजे जड तोफा आणि जाड चिलखताची मोठी युद्धनौका, दहा १२ इंची तोफा, टर्बाइन इंजिन, २१ नॉट (ताशी साधारण ३९ किलोमीटर) वेग. त्यावर भरपूर पत्रं आली. सगळ्यांना उत्तरं देणं जागेमुळे शक्य नाही, पण ज्यात डिझाइनचा खरा गाभा आहे असे प्रश्न घेतलेत. एक आधीच सांगतो, जवळजवळ प्रत्येक उत्तरात मी वजनावर येणार आहे, कारण युद्धनौकेत एखादी गोष्ट अशी का आणि तशी का नाही हे विचारत गेलं की शेवटी टनच निघतात.

प्रश्न : अमेरिकेच्या आयोवा क्लास बॅटलशिपचा वरून घेतलेला एक फोटो आहे. नऊच्या नऊ तोफा एका बाजूला उडतायत आणि जहाजाशेजारचं पाणी घुसळून निघालंय. मित्र म्हणतो त्या धक्क्याने जहाज वीस-तीस फूट बाजूला सरकतं. खरं आहे का?

नाही, सरकत नाही. आणि हे कुणाच्या सांगण्यावर सोडायची गरज नाही, शाळेतलं संवेगाचं गणित पुरतं. आयोवाचा चिलखतभेदी गोळा साधारण १२२५ किलोचा आणि नळीतून बाहेर पडताना त्याचा वेग सेकंदाला ७६२ मीटर. दोन्हींचा गुणाकार करून नऊने गुणा, ८४ लाखांच्या आसपास येतं. पूर्ण भरलेल्या जहाजाचं वजन धरा ५८ हजार टन, म्हणजे ५ कोटी ८० लाख किलो. भागाकार केला की सेकंदाला साधारण १५ सेंटिमीटर. गोळ्यामागून जळालेल्या दारूचा वायूही सुसाट बाहेर पडतो, तो धरला तर २० म्हणा. आणि हे सुद्धा जहाज हवेत तरंगतंय असं मानून! प्रत्यक्षात ते पाण्यात बसलेलं असतं आणि बाजूला सरकायचं तर लांबच लांब पोलादी भिंतीने तेवढं पाणी ढकलावं लागतं, त्यामुळे उरतं ते अगदी किरकोळ. शिवाय तोफ उडाली की शंभर टनांहून जड असलेली ती नळी पाळण्यात सव्वा मीटरभर मागे येते आणि हायड्रॉलिक सिलिंडर तो धक्का हळूहळू पचवतात, जहाजाला एकदम दणका बसत नाही. आणि एका टरेटमधल्या, म्हणजे तोफा बसवलेल्या फिरत्या चिलखती बुरुजातल्या, तिन्ही नळ्या अगदी एकाच क्षणी उडवत नाहीत, मध्ये सेकंदाचा बारीकसा अंश ठेवतात नाहीतर शेजारी शेजारी उडणारे गोळे एकमेकांच्या वाऱ्याने भरकटतात.

मग फोटोतलं पाणी? ते नळीच्या तोंडाशी होणाऱ्या स्फोटाच्या दाबाने खवळलेलं असतं. तो दाब पाण्यावर आदळतो आणि पांढरा फेसाळ पट्टा दिसतो, तो बघून जहाज तिथून सरकत आलं असं वाटतं. तुमच्या मित्राची चूक समजण्यासारखी आहे, फोटो खरंच फसवा आहे.

प्रश्न : मुलाने बिस्मार्क या जर्मन बॅटलशिपचं प्लास्टिक मॉडेल बनवलंय. उलटं धरलं की टरेट खाली पडतात. खऱ्या जहाजात ते कशाने बसवलेले असायचे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण मुलाचं मॉडेल अगदी बरोबर वागतंय. बिस्मार्कचा एकेक टरेट हजार टनांच्या वर होता. असला डोलारा बोल्टने आवळून गोल फिरवता येत नाही. तो रोलरच्या कड्यावर नुसता बसवतात. झटक्याने उचलला जाऊ नये म्हणून कडेला अडकवणारे हुक असतात पण टरेटला खरं जागेवर धरून ठेवतं ते त्याचं वजनच. २७ मे १९४१ ला बिस्मार्क बुडताना उलटी झाली आणि चारही मुख्य टरेट निखळून गेले. १९८९ मध्ये जवळजवळ पाच किलोमीटर खोलीवर तिचे अवशेष सापडले तेव्हा जहाज तळाशी सरळ बसलेलं होतं आणि टरेटच्या जागी चार गोल विहिरी उघड्या पडल्या होत्या.

मॉडेलमध्ये दिसत नाही ती गोष्ट म्हणजे डेकवर दिसणारा टरेट हा फक्त माथा आहे. त्याच्या खाली बार्बेट नावाचा चिलखती गोल बुरूज, त्याच्या आत गोळे आणि दारू वर आणणाऱ्या लिफ्ट, आणि अगदी तळाशी दारूकोठार, म्हणजे कित्येक मजली इमारतच. मुलाला सांगा, कागदाची सुरळी करून टरेटखाली चिकटवून बघ, मग कळेल जहाजाच्या पोटातली किती जागा एकेक टरेट खातो.

प्रश्न : जटलंडच्या लढाईत ब्रिटनच्या तीन बॅटलक्रूझर स्फोटात गेल्या. चिलखत पातळ होतं म्हणून, असंच सगळीकडे वाचतो. एवढंच कारण?

एवढंच नाही, आणि माझ्या मते हे मुख्य कारणही नाही. बॅटलक्रूझर म्हणजे बॅटलशिपच्याच मोठ्या तोफा, पण चिलखत कमी करून वेग वाढवलेलं जहाज. पण चिलखत पातळ का होतं ते आधी बघू.

ड्रेडनॉट ही बॅटलशिप आणि इन्व्हिन्सिबल ही बॅटलक्रूझर, या जवळजवळ एकाच वेळच्या बहिणी. ड्रेडनॉटचा वेग २१ नॉट, इन्व्हिन्सिबलचा २५. फक्त चार नॉटचा फरक. पण त्यासाठी ड्रेडनॉटला २३ हजार हॉर्सपॉवर पुरत होती तिथे इन्व्हिन्सिबलला ४१ हजार लागली, १८ बॉयलरच्या जागी ३१ बसवावे लागले. वेग थोडा वाढवला की ताकद दुपटीकडे जाते, पाणी असंच वागतं. आता ते जास्तीचे बॉयलर, तो कोळसा, ते लांब झालेलं जहाज हे सगळं वजन कुठून आणायचं, तर एक टरेट कमी केला, दहाच्या आठ तोफा झाल्या, आणि कमरेचं चिलखत ११ इंचावरून ६ इंचावर आणलं. कुणाच्या निष्काळजीपणाने ते पातळ झालं नव्हतं, हिशेब समजून उमजून केलेला होता.

पण ३१ मे १९१६ ला इन्डिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इन्व्हिन्सिबल मिळून तीन हजारांवर माणसं काही मिनिटांच्या स्फोटांत गेली ती दारूच्या हाताळणीमुळे. ब्रिटिशांची कॉर्डाइट, म्हणजे गोळा फेकणारी तोफेची दारू, रेशमी पिशव्यांत असायची आणि पिशवीच्या टोकाला पेट घ्यायला काळी बंदुकीची दारू. भराभर गोळे सोडता यावेत म्हणून कोठाराचे दरवाजे उघडे ठेवायचे, पिशव्या डब्यांतून आधीच काढून वाटेत रचून ठेवायच्या, अशी सवय लागली होती. मग टरेटमध्ये गोळा फुटला की ज्वाळा त्या उघड्या वाटेने सरळ तळाच्या कोठारात. जर्मन तोफांचा मुख्य चार्ज पितळी नळकांड्यात असायचा, आणि त्यांची दारू पेटली तरी बहुतेक वेळा भडकून जळायची, फुटायची नाही. जर्मनांनी याचा धडा आधीच घेतला होता, जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकच्या लढाईत त्यांच्या सायडलिट्झचे मागचे दोन टरेट एका गोळ्याने जळून खाक झाले होते, दीडशेहून जास्त माणसं गेली, पण कोठारात पाणी सोडलं आणि जहाज वाचलं. जटलंडला डेर्फलिंगरचेही मागचे दोन टरेट असेच जळाले आणि तीही घरी परत आली.

आणि ब्रिटिश बाजूलाच याचा पुरावा आहे. लायन या जहाजाच्या मधल्या टरेटवर गोळा बसला, आतली माणसं मारली गेली, तिथले अधिकारी मेजर फ्रान्सिस हार्वी मरणाच्या दारात असताना त्यांनी कोठाराचे दरवाजे बंद करून पाणी सोडायचा हुकूम दिला. नंतर आग खाली उतरली, खालची माणसं तिने घेतली, पण दरवाजे बंद होते आणि जहाज उभं राहिलं. चिलखत बाकीच्यांपेक्षा फार वेगळं नव्हतं, एक दरवाजा बंद होता. हार्वींना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी हे जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थांबतो.

प्रश्न : तोफेबद्दल "१६ इंच ५० कॅलिबर" असं लिहितात. बंदुकीच्या कॅलिबरपेक्षा हे वेगळं का?

इथे कॅलिबर म्हणजे नळीची लांबी तोंडाच्या व्यासाच्या किती पट. १६ गुणिले ५० म्हणजे ८०० इंच, साधारण २० मीटर. लांब नळी म्हणजे दारूच्या दाबाला गोळा ढकलायला जास्त वेळ, म्हणून वेग जास्त. किंमत अर्थातच वजनात आणि नळी लवकर झिजण्यात मोजायची.

प्रश्न : नेल्सन आणि रॉडनी या ब्रिटिश बॅटलशिपचे तिन्ही टरेट पुढेच का? दिसायला अर्धवट वाटतात.

दिसायला विचित्र आहेत खरं, पण मला विचाराल तर इतकं प्रामाणिक डिझाइन दुसरं नाही. फेब्रुवारी १९२२ मध्ये मोठ्या नौदलांवर मर्यादा घालणारा वॉशिंग्टन करार झाला, बॅटलशिपला ३५ हजार टनांची मर्यादा आली. त्यात नऊ १६ इंची तोफा आणि १४ इंच जाडीचं चिलखत बसवायचं होतं. चिलखताचं वजन जाडीवर असतं तसंच लांबीवरही. टरेट पुढेमागे विभागले की मधलं सगळं झाकावं लागतं, त्याऐवजी तिन्ही कोठारं एकत्र आणली तर जाड चिलखताची पेटी आखूड होते आणि वाचलेले टन जाडीला वापरता येतात. अमेरिकेच्या नेवाडा या बॅटलशिपपासून आलेला विचारही असाच होता, महत्त्वाचं तेवढं पूर्ण झाका आणि बाकीचं उघडं सोडा, अर्धं अर्धं चिलखत कुठेच नको.

तोटे होतेच. तिसरा टरेट दुसऱ्यापेक्षा खाली बसवलेला, त्यामुळे तो सरळ पुढे मारा करू शकत नाही. तोफा मागच्या अंगाला वळवून उडवल्या की ब्रिजवरच्या काचा आणि माणसं दोघांनाही धक्का सोसावा लागायचा. आणि वेग फक्त २३ नॉट, कारण इंजिनाच्या वाट्याला जे उरलं त्यात तेवढंच जमलं.

प्रश्न : हेवी क्रूझर म्हणजे मोठी आणि लाइट म्हणजे छोटी ना? मग काही लाइट क्रूझर दहा हजार टनांच्या कशा?

नावावरून सगळेच इथे चुकतात. क्रूझर म्हणजे बॅटलशिपहून लहान आणि वेगवान युद्धनौका. फरक जहाजाच्या आकाराचा नाही, तोफेच्या तोंडाचा आहे. वॉशिंग्टन कराराने क्रूझरला कमाल १० हजार टन आणि ८ इंची तोफ अशी हद्द घातली. ब्रिटनला आपल्या साडेसात इंची तोफांच्या हॉकिन्स क्लास क्रूझर राखायच्या होत्या, त्याचा या आकड्यांत मोठा वाटा आहे. आणि झालं काय, कमाल मर्यादा हीच सगळ्यांची किमान होऊन बसली, प्रत्येक देश १० हजार टनी ८ इंचीच बांधायला लागला. पहिल्या पिढीत तोफा, वेग आणि पल्ला घेतल्यावर चिलखताला काही उरेना, ब्रिटनच्या काउंटी क्लासमध्ये सुरुवातीला कोठारांभोवती पेट्या आणि बाकी जवळपास पत्राच.

मग १९३० च्या लंडन कराराने ६.१ इंचापर्यंत तोफ असेल ती एक जात, वरची दुसरी, अशी विभागणी केली. जपानने मोगामी क्लासवर पंधरा १५५ मिलिमीटरच्या तोफा चढवल्या, म्हणजे कागदावर लाइट क्रूझर. पण टरेट बदलायची सोय आधीच ठेवली होती, करार सुटल्यावर पाच तिहेरी टरेट काढले आणि २०३ मिलिमीटरचे पाच दुहेरी बसवले, तेच जहाज हेवी झालं. उतरवलेले काही १५५ चे टरेट पुढे यामातो आणि मुसाशी या जपानी बॅटलशिपवर दुय्यम तोफा म्हणून गेले. मोगामीत वजन वाचवायला वेल्डिंगचाही सपाटून वापर केला होता आणि १९३५ च्या वादळात तिच्या सांध्यांनी ते दाखवून दिलं, जहाज पुन्हा मजबूत करावं लागलं आणि वजन वाढलंच.

प्रश्न : समुद्रात गोळ्यांचे रंगीत कारंजे उडतात असं वाचलं. शोभेसाठी?

कामासाठी. तीनचार जहाजं एकाच लक्ष्यावर मारा करत असली की कुठला गोळा कुणाचा ते कळत नाही आणि नेम सुधारता येत नाही. म्हणून गोळ्याच्या टोकाच्या पोकळ टोपीखाली रंगाची पूड भरायची, प्रत्येक जहाजाचा रंग ठरलेला. ऑक्टोबर १९४४ ला फिलिपिन्सजवळच्या समारच्या लढाईत अमेरिकन खलाशांनी आपल्या भोवती लाल, पिवळे, हिरवे कारंजे उठताना पाहिले.

प्रश्न : अकिलीस ही क्रूझर पुढे आयएनएस दिल्ली झाली. तिच्याच लीअँडर क्लासमधल्या सिडनीला दोन धुराडी आणि हिला एकच, असं का?

धुराडं म्हणजे खाली बॉयलर कसे मांडलेत त्याचं चित्र. अकिलीसमध्ये सगळे बॉयलर पुढे सलग आणि इंजिनं मागे, म्हणून धूर एकाच जाड धुराड्यातून काढता आला. यात जागा आणि वजन वाचतं, पण एक टॉर्पेडो नेमका त्या पट्ट्यात लागला तर सगळी वाफ एकदम जाऊ शकते. म्हणून सिडनीच्या सुधारित गटात बॉयलर, इंजिन, बॉयलर, इंजिन अशी आलटून पालटून मांडणी केली, एक जोडी गेली तरी दुसरी चालते, आणि वर धुराडी दोन आली. हा धोका नुसता कागदावरचा नव्हता, जुलै १९४३ मध्ये कोलोंबांगाराच्या लढाईत खुद्द लीअँडरला बॉयलर रूमपाशी टॉर्पेडो लागला, जहाज तगलं पण उरलेल्या युद्धासाठी बाद झालं.

अकिलीसला तसा टॉर्पेडो कधी लागला नाही. १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेतल्या रिव्हर प्लेटपाशी ती आपल्या आठ ६ इंची तोफांनी जर्मन युद्धनौका ग्राफ श्पेच्या ११ इंची तोफांसमोर उभी राहिली, १९४८ मध्ये भारतीय नौदलात आली आणि १९७८ पर्यंत राहिली. तिचा एक टरेट न्यूझीलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर ठेवलाय, दोन नळ्या अजून पुढे रोखलेल्या.