मजुरीचा रकाना

प्रिय मुली,

नोकरी सोडून फराळाचा धंदा करायचा म्हणतेस आणि पुढच्याच ओळीत विचारतेस, "पण मी अबोल आहे, जमेल का?"

अबोलपणाचं सोड. मानसशास्त्रवाले स्वभावाचे पाच मोठे पैलू मोजतात. त्यातला कामातल्या यशाशी सगळ्यात भरवशाने जुळणारा पैलू नेटकेपणाचा, आणि तो तुझ्यात आहे. काळजी मला तुझ्या भिडेची वाटते. फार मिळतंजुळतं घेणाऱ्यांची कमाई सरासरीने मागे राहते, असंही तेच सांगतात. आपल्याकडे ‘भीड भिकेची बहीण’ म्हणतात, ते काय उगाच?

माझी भाजणीची पहिली वही अजून आहे. तांदूळ, डाळी, धणे-जिरे, गॅस, दळणाचे पैसे, पिशवीवरचं लेबलसुद्धा लिहिलंय. मंद आचेवर दोन-दोन तास उभं राहून भाजलं, त्या मजुरीचा रकाना मात्र कोरा! वर शेजारच्या काकू "घरचीच गं तू" म्हणाल्या की किलोमागे 40 रुपये मीच कमी करायची, त्यांनी मागायच्या आत.

त्याआधी नोकरीतही तेच. मूल्यमापनाच्या फॉर्मवर मी लिहिलं, "सर्वांच्या सहकार्याने काम पूर्ण झाले." रात्री बसून ताळे जुळवले होते मी एकटीने. बढती दुसऱ्याला मिळाली. साहेबांचा फार राग आला तेव्हा. पण फॉर्म मीच भरला होता ना.

म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचं तुला ठाऊक असेल, 1997 ची. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण बायका अंगठेबहाद्दर. मग त्या साक्षरता वर्गाला बसल्या, बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हांबरोबर पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करू द्या, बघू कोण आधी सांगतं. हिशेब तोंडपाठ होता म्हणून तोंड उघडलं.

भाव सांगताना जीभ अडखळत असेल तर दरपत्रक छापून घे, व्हॉट्सॲपवर टाक. घासाघीस सुरू झाली की मनात दहा अंक मोज आणि गप्प बस. अबोल माणसाला हे फार छान जमतं.

राजीनामा एवढ्यात नको, एक दिवाळी जाऊ दे. ऑर्डरी घेण्याआधी हिशेबाचा कागद मला पाठव, मजुरीसकट. आणि हो, मागच्या भाजणीत धणे जास्त झाले होते.

तुझी,
मावशी