टोटल ९४, तरी नापास, आणि भिंतीवर तीनशे कांजी

प्रश्न: माझी मुलगी एफवायबीकॉमला आहे. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची एन५ (सगळ्यात सोपी लेव्हल, सगळ्यात अवघड एन१) पहिल्या फटक्यात पास झाली. जुलैच्या एन४ मध्ये १८० पैकी ९४ आले, पासिंग ९० असूनही रिझल्ट नापास दाखवतोय. शब्द-व्याकरण-वाचन १२० पैकी ७८, ऐकणं ६० पैकी १६. कांजी (जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं) कच्ची आहे म्हणून मी तिला रोज पहाटे पाचला उठवून वीस कांजी प्रत्येकी पन्नास वेळा लिहून घेतो, चुकली की परत पन्नास. घरात भिंतीवर तीनशे कांजींचे तक्ते लावलेत. रात्री जपानी कार्टून बघत बसायची म्हणून मोबाईल काढून घेतला. क्लासच्या सरांनी सांगितलं की ही अक्षरं चिनी, जपानी, कोरियन तिन्हीकडे चालतात, त्यामुळे ग्रॅज्युएशनपर्यंत जपानी एन२, चिनीची परीक्षा एचएसके ४ आणि कोरियनची परीक्षा टोपिक असा प्लॅन आहे. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस नव्हते का चिनी शिकले? तर चिनी यंदाच सुरू करू की पुढच्या वर्षी? (एक पालक, नाशिक)

उत्तर:

नमस्कार. उत्तर आधीच देऊन टाकते. चिनी यंदा नको आणि पुढच्या वर्षीपण नको. राग आला असेल तर थोडं थांबा आणि ती मार्कशीट परत बाहेर काढा, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि ते तुम्ही नीट वाचलेलंच नाही (क्लासवाल्यांनीपण नाही, याचं मला जास्त नवल वाटलं).

एन४ ला टोटल ९० लागतात हे बरोबर. पण दोन्ही भागांचं वेगळं पासिंगपण असतं, शब्द-व्याकरण-वाचन मिळून १२० पैकी ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी १९. मुलीला पहिल्या भागात ७८ आहेत, म्हणजे हवेत त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. ऐकण्यात १६. तीन मार्कांनी राहिली, आणि राहिली ती ऐकण्यात, कांजीत नाही. बरं, जेएलपीटीत हाताने लिहायचं काही नसतंच, एन५ पासून एन१ पर्यंत सगळं पर्याय निवडून गोल काळे करायचं काम. म्हणजे जी गोष्ट परीक्षेत करायचीच नसते ती तुम्ही रोज पहाटे हजार वेळा करून घेताय, आणि जिच्यात ती खरंच कमी पडली तिचा घरात जो काय सराव चालू होता, ती रात्रीची कार्टून, तो मोबाईलसकट बंद केलात.

हे वाचून मला काळजी मुलीच्या मार्कांची नाही वाटली. एन४ तीन मार्कांनी राहणं ही काही मोठी गोष्ट नाही, परीक्षा वर्षातून दोनदा होते, परत देता येते. काळजी वाटली ती पहाटे पाचची. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी, कॉलेजला जाणारी, आणि तिला चूक झाली की परत पन्नास वेळा लिही. शाळेत आपल्याला अशीच शिक्षा व्हायची ना, त्यातून शुद्धलेखन किती जणांचं सुधारलं ते आपल्याला माहितीये. सगळ्यात खटकलं ते हे, की एवढ्या मोठ्या पत्रात मुलीचं स्वतःचं म्हणणं एका ओळीतपण नाही. तिने जपानीच का घेतलं? एन५ पहिल्या फटक्यात काढणारी पोरगी तेव्हा कोणाच्या धाकाने शिकत होती का? चिनी, कोरियन शिकायची आहे का हे तिला विचारलंत का? माझ्याकडे भाषा अर्धवट सोडलेली मुलं येतात, त्यात अवघड गेली म्हणून सोडलेली थोडी असतात. जास्त करून अशी असतात की आधी ती आवडीने शिकत होती, मग घरच्यांनी त्याचा प्रोजेक्ट केला. रात्री उशिरापर्यंत फोन नको हे मला मान्य आहे, अकराला फोन हॉलमध्ये ठेवायचा असा नियम करा की, पण तो घरातल्या सगळ्यांना, तुम्हालासुद्धा.

आता ते 'अक्षरं एकदा शिका, तीन भाषा मिळवा' प्रकरण. हे मी बऱ्याच पालकांकडून ऐकते, आणि त्यात थोडं खरं आहे म्हणूनच ते एवढं पसरतं. कोरियनचं आधी उरकते. कोरियाची स्वतःची लिपी आहे, हांगुल, राजा सेजोंगने १४४६ मध्ये जाहीर केलेली, आणि आज बातम्या, पुस्तकं, मेसेज, टोपिकचा पेपर, जवळपास सगळं त्यातच चालतं. चिनी अक्षरं दक्षिण कोरियात शाळेत वेगळी शिकवतात, त्यासाठी १९७२ मध्ये १८०० अक्षरांची यादी केली होती, उत्तर कोरियाने तर १९४९ च्या सुमारास छपाईतूनच ती काढून टाकली. हांगुल तुमची मुलगी आठवड्याभरात वाचायला लागेल, त्यासाठी भिंतीवरच्या तीनशे कांजींची गरज नाही. शब्दांत मात्र नातं आहे. लायब्ररीला जपानीत तोश्योकान, चिनीत थुशूग्वान, कोरियनमध्ये तोसोग्वान, ऐकूनच कळतं की मूळ एक. जपानी नीट आलेल्या माणसाला कोरियन भराभर येते ती अशा शब्दांमुळे आणि वाक्याची ठेवण सारखी असल्यामुळे, पण त्यासाठी आधी जपानी कानात बसलेली पाहिजे.

चिनीचं बघा. जपानीत 'बरे आहात ना?' असं विचारतात त्या 'गेन्की देसु का' मधलं जे 'की' आहे, ते अक्षर आज जपानमध्ये एका पद्धतीने लिहितात, चीनमध्ये दुसऱ्या आणि तैवान-हाँगकाँगमध्ये तिसऱ्या, कारण जपानने युद्धानंतर १९४६ ते ४९ मध्ये आपली अक्षरं आपल्या हिशोबाने सोपी केली, चीनने १९५६ पासून आपल्या हिशोबाने केली, आणि तैवान-हाँगकाँगने जुनीच ठेवली. बरीच अक्षरं अजून सारखी आहेत, पण मग उच्चार येतो. 'जन्म, जगणं' या अर्थाचं एक साधं अक्षर घ्या, चिनीत त्याचा उच्चार शंग, विषय संपला. जपानीत तेच अक्षर कुठे सेइ, कुठे श्यो, कुठे नामा, इकिरु मध्ये नुसतं इ, उमारेरु मध्ये उ, हाएरु मध्ये हा. कारण जपान्यांनी चीनमधून उच्चार वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भागांतून आणले, जुने टाकले नाहीत, आणि वर स्वतःचे देशी शब्दपण त्याच अक्षरावर चढवले. आपल्याला देवनागरी येते म्हणून आपण नेपाळी पेपर मोठ्याने वाचू शकतो, कळत मात्र अर्धामुर्धा. इथे नेमकं उलटं होतं, जपानी माणसाला चिनी पाटी बघून अंदाज येतो, पण ती तोंडाने वाचता येत नाही आणि कोणी वाचून दाखवली तर कळतही नाही. जपानमध्ये शिकायला येणाऱ्या चिनी मुलांचं पण असंच होतं, अक्षरं लहानपणापासून येतात म्हणून वाचनात पटापट पुढे जातात आणि ऐकण्यात अडकतात. म्हणजे ज्यांना हजारो अक्षरं आधीच येतात त्यांनासुद्धा दुसरी भाषा फुकट मिळत नाही, आणि तुम्ही तीनशेच्या जोरावर दोन भाषा मागताय.

तिथली मुलं ही अक्षरं कशी शिकतात हे पण बघण्यासारखं आहे. जपानमध्ये पहिलीत फक्त ८० कांजी असतात, प्राथमिकच्या सहा वर्षांत मिळून १०२६, आणि पुढे जाऊन नेहमीच्या वापराच्या सरकारी यादीतल्या २१३६. सहा वर्षांच्या जपानी पोराला 'डोंगर', 'नदी', 'शाळा' हे शब्द बोलता येतच असतात, अक्षर फक्त त्या ओळखीच्या शब्दाला येऊन चिकटतं. चीनमध्ये पहिलीच्या सुरुवातीलाच रोमन अक्षरांतली पिनयिन शिकवून उच्चार पक्के करतात, आणि पहिली-दुसरीत साधारण १६०० अक्षरं ओळखायला सांगतात पण लिहायला त्यातली ८०० च, कारण ओळखणं आणि लिहिणं एकत्र दामटवलं तर पोरं मागे पडतात हे तिथल्या शिक्षणखात्यालाही कळलंय. हाँगकाँगची बरीच मुलं तर चिनी अक्षरं शाळेत कँटोनीज या तिथल्या बोलीच्या उच्चाराने वाचतात, बीजिंगच्या माणसाला ते ऐकून कळणारही नाही. सगळीकडे आधी आवाज आणि मग अक्षर. तुमच्या मुलीकडे आवाज कमी आहे आणि अक्षरांचा ढीग वाढत चाललाय.

पन्नास वेळा लिहिण्याने हात पाठ होतो, अक्षर डोक्यात राहीलच असं नाही. बरीचशी अक्षरं दोन भागांची असतात, एक भाग अर्थाचा इशारा देतो आणि दुसरा उच्चाराचा. 'निळं' या अक्षराला डावीकडे पाणी जोडलं की स्वच्छ, सूर्य जोडला की निरभ्र, बोलण्याची खूण जोडली की विनंती. चिनीत या सगळ्यांचा उच्चार छिंग, फक्त सूर बदलतो, आणि जपानीत सगळ्यांचा चिनीवरून आलेला उच्चार सेइ. हे एकदा दिसायला लागलं की नवीन अक्षर रेघांचं जंजाळ वाटत नाही, ओळखीचे दोन तुकडे वाटतात. हा भाग मात्र पुढे कधी तिला चिनी शिकावंसं वाटलं तर खरंच उपयोगी पडेल, म्हणजे तुमच्या सरांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही, ते फक्त चुकीच्या टप्प्यावर आणि जरा जास्तच रंगवून सांगितलंय. कांजी सुटी शिकू नये, शब्दात शिकावी, आणि तो शब्द आधी ऐकलेला असला तर फारच बरं. लिहायचं तर चार-पाच वेळा, रेघांचा क्रम कळण्यापुरतं. ऑफिसात बहुतेक टायपिंगच असतं, आणि टाईप करताना उच्चार टाकावा लागतो, मग कॉम्प्युटर अक्षरं दाखवतो आणि आपण निवडतो. उच्चार येत नसेल तर पन्नास वेळा गिरवलेलं अक्षर स्क्रीनवर आणणारच कसं? खुद्द जपान-चीनमधले लोक हल्ली हाताने लिहिताना अडतात, वाचताना अडत नाहीत.

कोटणीसांचं नाव काढलंत ते बरं केलंत, पण ते उदाहरण तुमच्या प्लॅनच्या विरोधात जातं. ते १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि भाषा शिकले ती तिथल्या पेशंटमध्ये आणि सहकाऱ्यांमध्ये राहून, कामाची गरज म्हणून. आणि एकच भाषा, तीन नव्हे.

परीक्षांच्या वाटा तुम्हाला माहितीच आहेत, एन४, मग एन३, मग एन२, त्यात नवीन सांगण्यासारखं काही नाही. नोकरीचं स्पष्ट सांगते. एन४, एचएसके ४ आणि टोपिकची खालची एखादी लेव्हल असं तीन ओळींत लिहिलेला बायोडेटा बघून कोणी दुभाषी म्हणून घेत नाही, कारण तिन्हीपैकी एकाही भाषेत ही मुलगी मीटिंगला बसू शकत नाही. बीकॉम आणि एक पक्की जपानी, एन२ किंवा चांगली बोलता येणारी एन३, याला पुण्या-चाकणकडच्या जपानी कंपन्यांत अकाउंट्स, परचेस, कोऑर्डिनेशन अशा कामांना विचारतात. तेही तिला बीकॉममध्ये रस असेल तर. तो आहे की तेही तुम्हीच ठरवलंत, हे मला पत्रावरून कळलं नाही.

तर आता एवढंच करा. पहाटेचं लिखाण आजपासून बंद, मुलीला झोपू दे. भिंतीवरचे तक्ते काढायचे की ठेवायचे ते तिला ठरवू दे. मोबाईल परत द्या आणि कार्टून बघू दे, फक्त रोज त्यातली दोन-तीन मिनिटं सबटायटल बंद करून तीच तीच परत ऐकायची आणि मागोमाग मोठ्याने म्हणायची, आणि एन४ च्या जुन्या ऐकण्याच्या पेपरमधले चार-पाच प्रश्न सोडवायचे, ऐकताना मध्ये पॉज करायचा नाही कारण परीक्षेत एकदाच ऐकवतात. तीन मार्कांचा प्रश्न आहे, यात सुटायला हरकत नाही. क्लासमध्ये विचारा की ऐकण्याचा तास आठवड्यातून किती वेळा होतो, आणि उत्तर द्यायला सर चाचरले तर क्लास बदलायचा विचार करा.

आणि मुलीशी एकदा बोला, म्हणजे विचारा आणि मग गप्प बसून ऐका. ती कदाचित म्हणेल मला डिसेंबरची एन४ द्यायची आहे, कदाचित म्हणेल सहा महिने जपानी नकोच, दोन्ही चालेल. पण हे बोलणं दिवाळीपर्यंत ढकलू नका, डिसेंबरची परीक्षा पहिल्या रविवारी असते आणि फॉर्म भरायला मुदत थोडीच मिळते.