लक्ष्मीपूजनातला राजा

पिल्ला,

परवा व्हिडिओ कॉलवर गुहागरच्या आजीने लक्ष्मीपूजन दाखवलं तेव्हा तू विचारलंस, आई ताम्हनात तो दाढीवाला इंग्रज राजा काय करतोय, आपण त्याला कुंकू का लावतो? तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

अगं, कुंकू राजाला नाही, चांदीला. तो बंदा रुपया आहे, 1918 चा, राजा म्हणजे पाचवा जॉर्ज. वजन एक तोळा, 11.66 ग्रॅम, बारा भागांतले अकरा भाग चांदी आणि फरशीवर टाकला की असा वाजतो ना, उगाच नाही खणखणीत नाणं म्हणत. कडेला बारीक दाते आहेत, कोणी कड तासून चांदी काढली तर लगेच कळावं म्हणून.

राजाच्या अंगावरच्या झग्यावर एक हत्ती आहे, नीट बघ. 1911 ला नाणं पहिल्यांदा निघालं तेव्हा त्याची सोंड नि पाय इतके आखूड कोरले होते की लोकांना ते डुक्कर वाटलं, मुसलमान लोक तर फारच दुखावले, शेवटी सरकारने नाणी मागे घेतली आणि 1912 ला हत्ती नीट करून आणला. एवढ्याशा चित्राने केवढं होतं बघ! नाण्याच्या मागच्या बाजूला इंग्लंडचा गुलाब, स्कॉटलंडचं काटेरी फूल, आयर्लंडचं तीन पानी शॅमरॉक आणि खाली आपलं कमळ, सगळं एका वेलीत, म्हणजे सगळं आमच्याच राज्यात असं त्यांना सांगायचं होतं. पण आजीला विचार, ती म्हणेल कमळ म्हणजे लक्ष्मी. आपल्या बायकांनी त्यात तेवढंच पाहिलं आणि मला ते फार आवडतं.

आणि परक्याचं नाव काही नवीन नव्हतं, पेशव्यांच्या काळातल्या अंकुशी रुपयावरही फारसीत दिल्लीच्या बादशहाचंच नाव, आपली खूण फक्त अंकुश, हत्तीला आवरायचा. म्हणून तर शिवरायांनी तांब्याच्या शिवराईवर देवनागरीत 'श्री राजा शिव' घातलं ते मला एवढं मोठं वाटतं.

कमळाखाली एक बारीक ठिपका असतो, ती मुंबईच्या टांकसाळीची खूण, कलकत्त्याच्या रुपयावर नसतो. माझे पणजोबा मुंबईला गिरणीत होते, गणपतीला दाभोळला बोटीतून उतरायचे तेव्हा हे रुपये कनवटीला असायचे. बरेचसे घरातल्या लग्नांत मोडले, पाच उरले. मे महिन्यात गेलो की आजी चिंचेने घासायला देईल, तेव्हा भिंग घेऊन बस. मला लहानपणी चारांवर ठिपका सापडला होता, पाचवा तू बघ.

तुझी आई