अटीतटीच्या कॉलेज फुटबॉल सामन्यात टर्निंग पॉइंट कसा ओळखायचा? २०१३ च्या ऑबर्न–अलाबामा सामन्यात तो शेवटचा एक सेकंदच होता ना?

नव्हता.

सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न, असाच शेपटाला ‘ना’ लावून, मला वर्षानुवर्षं एकच माणूस विचारत आलाय. तुम्ही तो नसाल अशी आशा आहे.

तुम्ही क्लिप बघितली असणार (आपला सॉकर नव्हे, विद्यापीठांच्या संघांमधला अमेरिकन फुटबॉल). सगळे तेवढंच बघतात. २८–२८ बरोबरी, घड्याळात एक सेकंद, अलाबामाच्या अ‍ॅडम ग्रिफिथची ५७ यार्डांवरची फील्ड गोलची किक (गोलपोस्टमधून गेली तर तीन गुण) आखूड पडते, ऑबर्नचा ख्रिस डेव्हिस ती एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, आत झेलतो आणि डाव्या कडेने सुसाट दुसऱ्या टोकाला, टचडाउन, सहा गुण. ३४–२८. ‘किक सिक्स’. भारी आहेच, त्यात वाद नाही. पण तो सामन्याचा शेवट आहे. शेवटच्या चेंडूवर चौकार बसला म्हणून सतराव्या ओव्हरमध्ये सोडलेला कॅच कोणी विसरतं का?

तेव्हा मी ऑबर्नला एमएस करत होतो आणि माझा मित्र टस्कलूसाला, म्हणजे अलाबामा विद्यापीठात. दोघं सांगलीतल्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजचे, एकाच होस्टेलचे. अमेरिकेत येऊन एक सेमिस्टर होतंय न होतंय तोच हा गडी अलाबामाबद्दल ‘आम्ही’ म्हणून बोलायला लागला. ‘आम्ही’ २००९, २०११ आणि २०१२ चे राष्ट्रीय विजेते. ‘आम्ही’ २०१२ मध्ये तुम्हाला ४९–० ने धुतलं. हे खरंच होतं. त्या वर्षी ऑबर्नने बारापैकी तीन सामने जिंकले होते. माझ्या वाढदिवसाला त्याचा मेसेज आला होता तो एवढाच: ‘४९–०’.

त्यामुळे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, ३० नोव्हेंबरला, तो गाडी हाणत ऑबर्नला आला तो माझी फजिती जवळून बघायलाच. अलाबामा पहिल्या क्रमांकावर, अकराच्या अकरा सामने जिंकलेला. आम्ही चौथ्या क्रमांकावर, आणि दोनच आठवड्यांपूर्वी जॉर्जियाविरुद्ध ७३ यार्डांच्या आंधळ्या पासवर वाचलेले. पैज लागली. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला डीकेटरला नेऊन थाळी खाऊ घालायची. (डीकेटर म्हणजे अटलांटाच्या शेजारचं. डाळ-तांदूळ, मसाले सगळं आम्ही तिथूनच आणायचो.)

तिकिटं आम्हाला मिळाली नव्हती. पण आमचं अपार्टमेंट स्टेडियमच्या इतकं जवळ होतं की गर्दीचा आवाज थेट घरात यायचा, आणि टीव्ही काही सेकंद मागे. म्हणजे काहीही झालं की आधी खिडकीतून ऐकू येणार, मग पडद्यावर दिसणार. हा सारखा ‘खिडकी लावा रे’ म्हणून ओरडत होता. आम्ही मुद्दाम उघडी ठेवली. थंडी वाजत होती तरी.

आता चौथ्या क्वार्टरकडे या. माझं सगळं म्हणणं तिथेच आहे.

२१–२१ असताना अलाबामाचा किकर केड फॉस्टर फील्ड गोल मारतो, बसतो, पण संघाच्या चुकीमुळे पाच यार्डांचा दंड. परत मारायला लावतात, ३३ यार्डांवरून, आणि हुकतो. पहिल्या क्वार्टरमध्येही एक हुकलेला. मग आमचा पंट (चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना देणं) त्यांच्या एक यार्डाच्या रेषेवर अडतो, आम्ही टाळ्या पिटतो, आणि लगेच ए. जे. मॅकॅरन अमारी कूपरला ९९ यार्डांचा टचडाउन देतो. २८–२१. मित्र तेव्हा सोफ्यावर उभा राहिला होता. बुटांसकट.

पुढे आमचे कोच गस मॅलझान यांनी स्वतःच्याच ३५ यार्डांवर फोर्थ अँड वनला, म्हणजे चौथ्या आणि शेवटच्या प्रयत्नात (फोर्थ डाउन) एकच यार्ड हवा असताना, पंट न मारता खेळायचं ठरवलं. अडले. चेंडू अलाबामाकडे, तोही आमच्या अंगणात. ते १३ यार्डांपर्यंत आले आणि त्यांच्यावरही फोर्थ अँड वन आला. मारायचा तर तीसेक यार्डांचा फील्ड गोल. बसला असता तर ३१–२१, म्हणजे दहाची आघाडी. आम्हाला दोनदा स्कोअर करावा लागला असता आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. त्यांचे कोच निक सेबन यांनी किकर पाठवला नाही. टी. जे. येल्डनला चेंडू दिला. आमच्या पोरांनी त्याला एक यार्डही जाऊ दिलं नाही.

हा माझा टर्निंग पॉइंट. शिक्का मारून देतो.

का? कारण तिथे पर्याय होता. शेवटच्या सेकंदाला कसला पर्याय? किक मारा नाहीतर ओव्हरटाइम घ्या, तोवर सामना बरोबरीतच होता. १३ यार्डांवर मात्र सामना खिशात घालायची संधी समोर होती आणि ती सोडली गेली. त्यानंतर फॉस्टरची ४४ यार्डांची किक आम्ही अडवली. मग ट्रे मेसनला एकामागून एक पळवत पळवत नेलं, आणि सगळे त्यालाच अडवायला पुढे आल्यावर निक मार्शलने सॅमी कोट्सकडे अलगद चेंडू टाकला. ३९ यार्ड, टचडाउन. २८–२८, बत्तीस सेकंद बाकी. दहाची आघाडी असती तर या टचडाउनने काय होणार होतं? काही नाही. लोक गाड्या काढायला निघाले असते.

मग येल्डन २४ यार्ड पळून आमच्या ३८ वर बाहेर जातो, घड्याळ शून्यावर, सेबन पंचांशी हुज्जत घालतात, रिव्ह्यूत एक सेकंद परत मिळतो. तो एक सेकंद त्यांनीच मागून घेतला, हे माझा मित्र सांगताना सोयीस्करपणे गाळतो. सामना त्या एका सेकंदाने हिरावला म्हणतो, पण सेकंद मागायला आम्ही गेलो नव्हतो. ग्रिफिथ उभा राहिल्यावर मॅलझाननी टाइमआउट घेतला आणि गोलपोस्टखाली डेव्हिसला पाठवलं. त्याआधी तिथे दुसरा खेळाडू उभा होता. क्लिपा या टाइमआउटच्या नंतर सुरू होतात.

आमच्या घरी काय झालं ते ऐका. टीव्हीवर ग्रिफिथ अजून पावलं मोजत होता आणि खिडकीतून आवाज आला. हा डोक्याला हात लावून म्हणाला, ‘‘हुकली. ओव्हरटाइम.’’ बरोबर होतं त्याचं, ऑबर्नमध्ये एवढा आवाज म्हणजे किक हुकलीच. पण नुसती किक हुकल्यावरचा आवाज थोड्या वेळाने खाली बसतो. हा बसेना. वाढत गेला, वाढत गेला, खिडकीची काच थरथरायला लागली, आणि पडद्यावर अजून चेंडू हवेतच. रूममेट पळीसकट स्वयंपाकघरातून बाहेर आला. ‘‘काय झालं?’’ कोणालाच माहीत नव्हतं. मग डेव्हिसने चेंडू झेलला, पळायला लागला, समोर सगळी किकसाठी उभी केलेली जाडजूड मंडळी, आणि आम्हाला शेवट आधीच ऐकू आलेला. त्या दहा-पंधरा सेकंदांत मित्राने टीव्हीकडे बघितलंच नाही. तो खिडकीकडे बघत होता.

रात्री आम्ही टूमर्स कॉर्नरला टॉयलेट पेपर उधळायला गेलो, ऑबर्न जिंकलं की तिथल्या झाडांवर तो फेकायची प्रथाच आहे. तिथली जुनी ओकची झाडं अलाबामाच्या एका चाहत्याने विष घालून मारली होती, त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती काढली. मग झाडांऐवजी मिळेल त्या तारेवर, खांबावर. हा आला नाही. घरी थंड झालेले छोले खात बसला.

आता थाळी. आजतागायत मिळालेली नाही. आधी युक्तिवाद असा की खरा सामना साठ मिनिटांनी २८–२८ वर संपला. मग काही दिवसांनी तो बदलून फॉस्टरवर आला: ‘‘आमच्या किकरने घालवला, तुम्ही काय जिंकलात?’’ हे मला अजिबात चालत नाही. त्या पोराला लोकांनी जिवे मारायच्या धमक्या दिल्या. शेवटी माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला हाताने चिठ्ठी लिहून धीर दिला. शेवटची किक तर त्याची नव्हतीच, ग्रिफिथची होती! किकर हुकला हे सगळ्यांना दिसतं, म्हणून त्याच्यावर खापर. कोचने बाजूला बसून घेतलेला निर्णय दिसत नाही, म्हणून तो सुटतो. तुमच्याही ओळखीत असले विश्लेषक असतील, ऑफिसात तर नक्कीच.

बरं, सेबन यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. किकर डळमळलेला, येल्डनसारखा धावपटू, हवा एक यार्ड. मी तिथे असतो तर मलाही मोह झाला असता. मॅलझाननी ३५ वर घेतलेला जुगार त्याहून वेडा होता, आणि अडल्यावर त्याची किंमत सामन्याने मोजली असती तर आज मी इथे वेगळंच उत्तर लिहीत असतो. आणि माझी कसोटी आमच्यावरही उलटते. ६ जानेवारी २०१४ ला फ्लोरिडा स्टेटने आम्हाला अंतिम सामन्यात ३४–३१ हरवलं. तेरा सेकंद राहिले असताना त्यांचा टचडाउन झाला, सगळे तोच आठवतात. पण २१–३ ने मागे असताना त्यांनी दुसऱ्या क्वार्टरमध्ये पंटचं सोंग करून फोर्थ डाउन काढला, तिथेच सामना फिरला.

तुमच्या मूळ प्रश्नाचं म्हणाल तर क्लिप बंद करा आणि चौथा क्वार्टर सलग बघा. जिथे कोचपुढे दोन रस्ते होते आणि घेतला त्याच्या उलटा रस्ता घेतला असता तर पुढचं सगळं बिनकामाचं ठरलं असतं, ती जागा शोधा. प्रत्येक सामन्यात सापडेलच असं नाही. काही सामने नुसते हळूहळू निसटतात.

आणि मित्रा, हे वाचत असशील तर: डीकेटरची थाळी मी सोडली, मला आता तेवढं जेवण झेपतही नाही. डिसेंबरात सांगलीला जातोयस ना, येताना भडंग आण. मोठं पाकीट.