शिष्यवृत्ती अडकली म्हणून बी.ए. सोडू नकोस, आधी पोच घे

भाऊ, तुझी पोस्ट वाचली. तालुक्याच्या आर्ट्स कॉलेजला एफ.वाय.ला आहेस, खेड्यावरून एसटीने येणं-जाणं, महाडीबीटीचे (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे नाहीत, ऑफिस म्हणतं ‘वरून येतील’, आणि आता कॉलेज सोडून मुक्त विद्यापीठात नाव टाकावं का, असं विचारतोयस. मीपण जळगाव जिल्ह्यातल्या अशाच कॉलेजातला, म्हणून लिहितोय.

दाखले वगैरे तू जोडलेच असशील, ते सोडतो. ‘फॉर्म भरला’ म्हणजे ‘फॉर्म पुढे गेला’ असं नाही, एवढं धर. तू सबमिट केलेला अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला पडतो, तिथून प्राचार्यांच्या, मग जिल्ह्याला. माझा क्लार्कच्या लॉगिनलाच पडून राहिला. खिडकीवर जावं, तर जाळीतल्या हातभर भोकातून उत्तर यायचं, “झालंय रे भो, आता वरून येईल.” बाजूला ‘सर्व्हर बंद आहे’ अशी पाटी. लाइट असो-नसो, पाटी तीच. पोर्टल बंद झाल्यावर कळलं की काहीच झालेलं नव्हतं. पुढे परीक्षेचा फॉर्म भरायला गेलो, तर तीच खिडकी म्हणते आधी बाकी फी भर! वडिलांनी व्यापाऱ्याकडून कापसावर उचल घेतली, तेव्हा फॉर्म घेतला. अजून आठवलं की डोकं फिरतं. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती सगळं एकाच माणसाच्या गळ्यात, भरती नाही, हे मान्य. पण मग ‘झालंय’ तरी म्हणू नये ना.

तर आजच स्वतःचं लॉगिन उघड आणि अर्ज कोणाच्या टेबलावर आहे ते बघ. आयडी-पासवर्ड सायबरवाल्याकडे असेल तर आधी तो ताब्यात घे. बरेचदा मोबाइल नंबरही त्यानेच स्वतःचा टाकलेला असतो, मग ‘दुरुस्ती करा’ म्हणून अर्ज परत आला तरी तुला पत्ता नाही.

कॉलेजातच अडकला असेल तर प्राचार्यांच्या नावाने साध्या कागदावर अर्ज लिही, दोन प्रती. एकीवर आवक नंबर, तारीख, शिक्का मारून घे. “कशाला पोच पाहिजे?” असं हमखास विचारतील. वाद घालू नकोस, उभा राहा. तोंडी बोललेलं ऑफिसात कोणी धरत नाही, पोच मागितली की टेबल हलतं. माहिती अधिकाराची पाळी सहसा येत नाही.

सगळीकडे मंजूर दिसतंय आणि पैसे नाहीत, तर बँकेत जा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात पडतात. ते कधी शाळेत असताना काढलेलं, विसरलेलं खातं निघतं.

(माझं कॉलेज संपून काही वर्षं झाली. पोर्टलची बटणं बदलली असतील, आणि नव्या शैक्षणिक धोरणाचं मेजर-मायनर (मुख्य-दुय्यम विषय) मला विचारू नकोस.)

मुक्त विद्यापीठाला नावं ठेवत नाही, नोकरीवाल्याला ते बरंच आहे. पण तू रिकामा असशील तर रेग्युलर सोडू नको, हे माझं मत. दसरा-दिवाळीला अर्धा वर्ग कापूस वेचायला जातो, तेव्हा जे उरतात त्यांना सर अक्षरशः शेजारी बसून शिकवतात. टोपोशीट, म्हणजे भूगोलातला उंच-सखल दाखवणारा नकाशा, वाचायला मी तसाच शिकलो, सर माझ्याच पेन्सिलने समोच्च रेषा गिरवून दाखवायचे. शहरातल्या शंभराच्या वर्गात हे होणार नाही. शिवाय तुमच्याकडे ‘कमवा आणि शिका’ चालू असेल तर नाव दे. आम्हाला ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम होतं. तासावर पैसे, वरून पंख्याखाली बसायला जागा. एप्रिलमध्ये आपल्याकडे ती गोष्ट लहान नाही.

रोज तिकीट काढतोयस असं लिहिलंयस, ते आधी बंद कर. विद्यार्थ्याला एसटीच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यात काम होतं. बोनाफाइड लागेल. त्यासाठी त्याच खिडकीवर जायचंय, तेव्हा पोचेचा अर्जही सोबतच ने.