करार वडिलांच्या नावाने करू नका

घरी मदतनीस पुरवणारे ब्युरोवाले करार वडिलांच्या नावाने करा म्हणतात, चालेल ना, असं तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता विचारलंय. बाकी सगळी पोस्ट गादी, कमोड चेअर आणि चोवीस तासांच्या माणसाच्या दरांवर आहे. मी मात्र त्या ओळीवरच अडकलो. माझीही इजा सी-६ ची, म्हणजे मानेतल्या मज्जारज्जूची. मनगट उचलतं, बोटं वळत नाहीत. रिहॅबमधून थेट पुण्यातल्या स्वतःच्या फ्लॅटवर जायचा हट्ट मीही असाच धरला होता. गादीबिदीचं तुमच्या थेरपिस्टने सांगितलं असेलच, ते सोडतो.

२०१८ मध्ये मी वॉर्डातच होतो, म्हणून ब्युरोत भाऊ गेला. फॉर्मवर दोन रकाने, 'पेशंट' आणि 'जबाबदार नातेवाईक'. "पेशंटला सही कुठे जमणार" म्हणत त्यांनी भावाची सही घेतली. पैसे जाणार होते माझ्या पगारातून. मी म्हटलं, कागदच आहे, असू दे.

पहिले दोन महिने नुसती चिडचिड. ब्युरोने पाठवलेल्या मदतनिसाला, मामांना, मी म्हणायचो, जरा खाली चक्कर मारून येऊ. ते आधी भावाला फोन लावायचे, "साहेब बाहेर जायचं म्हणतायत, नेऊ का?" मी समोर बसलेला! मग मामा गावी गेले आणि बदली माणूस आला. ब्युरोने त्याला फोनवरच समजावलं होतं की पेशंट शांत आहे, रात्रभर झोपतो, काही त्रास नाही. मी सांगितलं, एकाच जागी दाब पडून कातडी फुटू नये म्हणून दर दोन तासांनी मला उठवून कूस बदलायची, गजर लावून ठेवलाय. त्या आठवड्यात मला ताप होता. त्याने भावाला विचारलं, भाऊ काळजीपोटी म्हणाला, झोपू द्या त्याला. बदली माणसाने गजर बंद केला आणि मी औषधाच्या गुंगीत. अशा तीन रात्री गेल्या.

चौथ्या सकाळी माकडहाडावर लाल चट्टा, दाबला तरी पांढरा न पडणारा. ब्युरोचे सुपरवायझर फोनवर म्हणाले, तेल लावून चोळा. (चोळायचं नसतं. त्या जागेवरचा दाब काढायचा आणि डॉक्टरला दाखवायचं.) आठवड्यात कातडी फुटली. पुढचे चार महिने मी पालथा पडून काढले, रजा बिनपगारी झाली, खुर्चीत बसायची सवय पुन्हा पहिल्यापासून. तक्रार केली तर उत्तर आलं, "आमचा करार तुमच्या भावाशी आहे, त्यांना बोलायला सांगा." भावावर माझा राग नाही. त्याला डॉक्टरांनी नीट समजावलंच नव्हतं, आणि मीही त्याला मध्ये राहू दिलं.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या. करारात ग्राहक म्हणून तुमचं नाव, पैसे तुमच्या खात्यातून, आणि एक ओळ लिहूनच घ्यायची की सूचना फक्त तुमच्याकडून घ्यायच्या. वडिलांचा नंबर द्यायचा तो 'तातडीचा संपर्क' म्हणून. बदली माणूस येणार असेल तर जुन्या माणसासोबत एक पूर्ण दिवस, एक रात्र धरून. ब्युरो याचे जास्त पैसे मागते. द्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५ आहे. अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती नको आणि घरी वैयक्तिक मदत मिळावी, असं त्यात आहे. पण शब्द 'सरकारने प्रयत्न करावा' असे आहेत. मी ते छापून ब्युरोत नेलं होतं. त्यांनी मला पाणी विचारलं. असो.

दोन गोष्टी राहिल्या. मी डॉक्टर नाही, तरी पलंगाशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात हे लिहून ठेवा: अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर आधी उठवून बसवा, मग कॅथेटरची (लघवीची) नळी कुठे दुमडली का बघा, थांबलं नाही तर दवाखाना. आपल्या पातळीच्या इजेत रक्तदाब असा चढू शकतो आणि बदली माणसाला हे कोणीही सांगितलेलं नसतं. दुसरं, स्लायडिंग बोर्ड (पलंगावरून खुर्चीत सरकायची फळी) विकत घेण्याआधी जवळच्या सुताराला विचारा. माझा प्लायचा आहे, कडा घासून गुळगुळीत केलेला, सात वर्षं टिकलाय.

आणि सही जमत नाही हे कारण ऐकून घेऊ नका. अंगठा चालतो. दोन साक्षीदार सोबत न्या, आणि स्टॅम्प पॅड घरचं न्या, त्यांच्याकडचं वाळलेलं असतं.